वाचक विचारतात : रोलचा जुना कॅमेरा घ्यायचाय, पण कुठला?

गेल्या अंकात रोलच्या कॅमेऱ्यावर चार ओळी काय छापल्या, तेव्हापासून प्रश्न यायचे थांबेनातच. सगळे छापणं शक्य नाही, म्हणून सारखे-सारखे एकत्र करून पाच घेतलेत. पहिल्याचं उत्तर लै लांबलंय, कारण निम्म्या लोकांनी तेच विचारलंय.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाइलवर फोटो काढून कंटाळा आला, रोलवर काढून बघायचंय. सगळं मिळून सहा हजार जमवलेत. यूट्यूबवर जो तो कॅनन एई-१ नाहीतर पेंटॅक्स के १००० घ्या म्हणतो, पण त्यांचे भाव बघून डोळे पांढरे व्हायलेत. मग घेऊ काय? — एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : ताई, आधी त्या सहा हजाराची फोड कर. सहा हजार आहेत म्हणून सहा हजाराचा कॅमेरा घेतलास तर तो कपाटात जाऊन बसणार, कारण कॅमेऱ्याचे पैसे एकदाच जातात अन् रोलचे दर वेळी जातात. आजघडीला ३६ फोटोंचा साधा कलर रोल हजाराच्या आत-बाहेर पडतो, वर धुवायचे अन् स्कॅन करायचे चार-पाचशे, अन् गावात कलर धुणारं कुणी राहिलेलं नसेल तर पुण्या-मुंबईचं कुरिअर वेगळं. म्हणजे एक फोटो चाळीस रुपयाला पडला की. म्हणून पहिला रोल विकत घेऊन, काढून, धुऊन हातात येईपर्यंतचे पैसे आधी बाजूला ठेव आणि राहिलेल्या चार-साडेचार हजारात कॅमेरा बघ. एवढ्यात मिळतो, फक्त नावाच्या मागं पळायचं नाही.

एई-१ चं सांगते. १९७६ ला आला, चांगलाच कॅमेरा आहे, पण तो बॅटरीवर चालतो, शटरसुद्धा, म्हणजे क्षणभर उघडून रोलवर उजेड सोडणारा पडदा. बॅटरी संपली की हातात नुसतं लोखंड, आणि ती सहा व्होल्टची छोटी बॅटरी आपल्याकडं प्रत्येक घड्याळवाल्याकडं मिळेलच असं नाही. त्यात आता बरेचसे एई-१ क्लिक केलं की खोकल्यासारखा आवाज करतात, ते दुरुस्त होतं पण त्याचे पैसे पुन्हा वेगळे. के १००० पण १९७६ चाच, १९९७ पर्यंत बनत होता, पूर्ण मेकॅनिकल, बॅटरी लागते ती फक्त मीटरला, म्हणजे उजेड मोजायला, शिकायला त्याच्यासारखा दुसरा नाही हे खरंच आहे. पण हे आता सगळ्या जगाला कळल्यामुळं भाव चढलेत. कुणा नातेवाइकाकडून फुकट मिळाला तर सोडू नकोस, विकत घेण्याच्या मागं मात्र लागू नकोस.

माझं मत विचारशील तर याशिका एफएक्स-३ बघ. १९७९ च्या आसपासचा, पुढं सुपर २००० म्हणून आला तोही चालेल. शटर मेकॅनिकल, मीटरला दोन बटन सेल लागतात ते कुठंही मिळतात, अन् सोबत बहुतेक वेळा ५० एमएमची लेन्स असतेच. आपल्याकडं लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी हा लै वापरला, म्हणून अजून सापडतो. त्याची एक खोड आहे, वरचं काळं रेक्झिन वाळून भुग्यासारखं गळतं, हात काळे होतात आणि कॅमेरा एकदम भिकारी दिसतो. त्याला घाबरायचं नाही, उलट त्याच्यावरच भाव पाड! रेक्झिनचा तुकडा मोजून कापून चिकटवायचं काम एका दुपारचं आहे. निकॉनचा एफएम १० मिळाला तरी चांगला, बॉडी प्लास्टिकची अन् हलकी वाटते पण कामाला पक्का, फोटोग्राफीचे कोर्स करणाऱ्या पोरांनी घेऊन नंतर विकलेले असतात. रशियन झेनिट स्वस्तात दिसेल, लेन्स झकास असते, पण जड धूड आहे आणि त्यातला शटर बरोबर चालतोय का हे नवशिक्याला कळत नाही, म्हणून पहिला कॅमेरा म्हणून नको.

आता कुठं शोधायचा. ऑनलाइन बघायच्या आधी तालुक्याच्या गावातले जुने फोटो स्टुडिओ फिर. ज्या काकांनी नव्वदच्या दशकात लग्नं केली, त्यांच्याकडं काउंटरखाली नाहीतर माळ्यावर एखादी बॉडी पडलेली असतेच. शिवाय ते खरं सांगतात, कारण त्यांनी स्वतः तो चालवलेला असतो. तिथं काहीच नाही मिळालं तर मुंबईत सीएसएमटीजवळ बोरा बाजारात जुन्या कॅमेऱ्यांची अन् दुरुस्तीची दुकानं आहेत. नांदेड, उदगीरकडच्यांना हैदराबाद जवळ पडतं, तिथंही दुरुस्तीवाले मिळतात.

आणि कॅमेरा हातात आला की दिवसा बघ, उजेडात. ट्यूबलाइटखाली घ्यायचा नाही. आत रोल नाही ना हे विचारून मागचं झाकण उघड. लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत यायचं भोक, पूर्ण उघडं कर, म्हणजे सगळ्यात छोटा आकडा, १.९ नाहीतर २. खिडकीकडं तोंड करून मागून बघत बघत क्लिक करायचं. आधी शटरचा स्पीड एक सेकंदावर ठेव, आतल्या गिअरचा कर्रर्र असा सलग आवाज यायला पाहिजे, मध्येच अडखळला किंवा शटर उघडून तसाच राहिला तर हळू स्पीडचं तेल वाळलंय. हे फार वाईट नाही, उन्हात काढणाऱ्याला हळू स्पीड तसे कमीच लागतात, पण भाव पाडायला उपयोगी. मग हजारावर, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागावर, ठेवून बघ, इथं नजर लागते. क्षणभर उजेडाचा चौकोन दिसायला पाहिजे, आणि तो पूर्ण दिसायला पाहिजे. अर्धाच उजळला, किंवा काहीच दिसलं नाही, तर पडदे मागंपुढं पळायलेत, तुझे आकाशाचे फोटो अर्धे काळे येतील. डोळ्याला कळेना तर मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घे. सेकंदाला २४० फ्रेमचा असला तर तिसाव्या भागाच्या स्पीडला शटर साधारण आठ फ्रेम उघडा दिसला पाहिजे. वीस दिसला तर विकणाऱ्याला दाखव अन् गप्प बस, पुढचं तो स्वतःच बोलतो.

लेन्स काढून तिच्यात मागून मोबाइलची टॉर्च मार. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की ती बुरशी. मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्समध्ये दमट हवेमुळं ही जास्त सापडते, आपल्याकडं बुरशी कमी अन् धूळ जास्त. आत धुळीचे दोन-चार कण असले तर फोटोत काही दिसत नाही, लोक उगं घाबरतात. कडेला थोडी बुरशी असेल तरी चालून जाईल, मधोमध असेल किंवा आतून सगळंच धुरकट दिसत असेल तर लेन्स परत दे. फोकसची रिंग फिरवताना कचकच लागली तर आत माती गेलीय.

झाकणाच्या खाचेत काळा फोम असतो, तो इतक्या वर्षांत डांबरासारखा चिकट झालेला असतो आणि तिथून उजेड आत शिरतो. फोटोवर लाल-नारिंगी पट्टे येतात ते याच्यामुळं. हौशी लोक त्यालाच कला म्हणतात, म्हणू दे. फोम खरवडून काढून खाचेत काळ्या लोकरीचा धागा बसवला तरी काम भागतं. बॅटरीचं झाकण नाण्यानं उघडून बघ, हिरवं-पांढरं पीठ साचलं असेल तर कापसाला व्हिनेगर लावून निघतं. आणि मीटर बंद पण शटर धडधाकट असा कॅमेरा कमी पैशात मिळाला तर हसत हसत घे. मोबाइलवर लाइट मीटरची फुकट ॲप आहेत, आणि आपल्या उन्हाला तर त्याचीही गरज नाही. कडक उन्हात ॲपर्चर १६ आणि स्पीड रोलच्या डबीवर १००, २००, ४०० असा जो आकडा असतो त्याच्याजवळचा, म्हणजे २०० चा रोल असला तर सेकंदाचा अडीचशेवा भाग. फेब्रुवारी ते मे परभणीत हा नियम डोळे झाकून चालतो.

प्रश्न : घरात आमच्या बारशाचे फोटो काढलेला याशिका एमएफ-२ सापडला. मित्र म्हणतो हा खेळण्यातला आहे, फेकून दे. — एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : फेकायचा कशाला दादा? मित्राला म्हणावं तू नको काढूस. ह्याच्यात फोकस करायचाच नसतो, चार-पाच पावलांवरची माणसं, मागचं देऊळ, सगळं बऱ्यापैकी साफ येतं. अगदी जवळून तोंडाचे फोटो तेवढे काढू नका, ते फसतात. दोन पेन्सिल सेल घालून फ्लॅश चार्ज होतोय का बघा, रिकाम्या कॅमेऱ्यात चार-दोन वेळा क्लिक करून आवाज ऐका, आणि पहिला रोल ह्यातच घाला, शक्यतो उन्हातलाच. छंद लागला तर पुढचा कॅमेरा घ्यायला कोण अडवतंय. नाही लागला तर नुकसान एका रोलचं.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत आगफा क्लिक थ्री मिळाला, कातडी कव्हरसकट. आत रोल तसाच आहे, मागच्या लाल खिडकीत आकडा दिसतो. उघडू का? — एक वाचक, हिंगोली

उत्तर : उघडू नका! आधी हेच सांगते, बाकी नंतर.

हा कॅमेरा आपल्याच देशातला, बडोद्याला बनायचा, आणि एके काळी घराघरात होता. ह्याच्यात १२० चा रोल लागतो, कागद गुंडाळलेला, मोठा, अन् एका रोलवर चौकोनी बारा फोटो येतात. लाल खिडकीतला आकडा म्हणजे कितवा फोटो. आता नॉब एकाच दिशेनं फिरवत रहा, आकडे पुढं सरकतील, बारानंतर कागद संपून नॉब सैल फिरायला लागला की रोल दुसऱ्या रिळावर पूर्ण गेला. मग अंधाऱ्या खोलीत काढा, सुटू नये म्हणून वरून चिकटपट्टी लावा, चांदीच्या कागदात गुंडाळा आणि जुने रोल धुणाऱ्या लॅबला आधी फोन करून मगच पाठवा. ब्लॅक अँड व्हाइट असला तर पन्नास वर्षांनंतरही धूसर का होईना, काहीतरी निघायची आशा असते. कलर असला तर फार मनावर घेऊ नका. जुन्या रोलवर इंदू असं नाव दिसलं तर तो उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा, तो कारखाना आता बंद पडलाय. रिकामं झालेलं रीळ मात्र जपून ठेवा, नवीन रोल भरताना ते दुसऱ्या बाजूला लागतं.

नवीन १२० चे रोल आजही मिळतात, म्हणजे कॅमेरा चालू शकतो. १०० चा ब्लॅक अँड व्हाइट घाला आणि सावलीत-घरात काढायच्या फंदात पडू नका, ह्याची लेन्स साधी आहे, हिला ऊन लागतं. लाल खिडकीवर थेट ऊन पडू देऊ नका, वापर नसेल तेव्हा काळी पट्टी चिकटवून ठेवा. आजीला अंगणात उभं करून एक काढा, आजोबांनी काढलेला तसलाच एखादा अल्बमात असणारच.

प्रश्न : लॅबचा खर्च परवडेना. ब्लॅक अँड व्हाइट घरी धुता येतो म्हणतात, पण आमच्याकडं एप्रिलमध्ये टाकीचं पाणीच गरम येतं आणि पाणी येतं तेही आठ दिवसांनी. जमेल का? — एक शिक्षक, लातूर

उत्तर : सर, जमतं, आणि डार्करूम लागत नाही. रोल धुवायच्या छोट्या झाकणाच्या डब्याला टाकी म्हणतात, तिच्या रिळावर रोल चढवायचा तेवढा अंधार लागतो, तो चेंजिंग बॅगेत, म्हणजे बाहेरून हात घालायच्या काळ्या पिशवीत होतो, किंवा रात्री लाइट गेल्यावर खिडकीला गोधडी लावूनही होतो. एकदा टाकीचं झाकण लागलं की बाकी सगळं उजेडात, मोरीत. चढवायची सवय मात्र आधी एखाद्या वाया गेलेल्या रोलवर उजेडात करा, मग डोळे मिटून करा, कारण अंधारात रोल अडकला की घामानं तो अजून चिकटतो अन् माणूस रडकुंडीला येतो.

तुमचा खरा प्रश्न पाण्याचा आहे. डेव्हलपरचे, म्हणजे रोलवर चित्र उमटवणाऱ्या औषधाचे, सगळे वेळ २० अंशांना दिलेले असतात आणि लातूरचं एप्रिलचं पाणी तीसच्या पुढं. जितकं गरम तितकं काम भराभर होतं, वेळ पाच मिनिटांच्या खाली गेला की रोल सगळीकडं सारखा धुतला जात नाही, डाग येतात. म्हणून दोन गोष्टी करायच्या. एक, डेव्हलपर एकास एक पाणी घालून पातळ वापरायचा, म्हणजे वेळ वाढतो. उदाहरणार्थ इलफर्डचा एचपी-५ रोल त्यांच्याच आयडी-११ डेव्हलपरमध्ये एकास एक घेतला तर २० अंशांना १३ मिनिटं लागतात, २४ अंशांना साधारण ९. दुसरं, डेव्हलपरची बाटली थंड पाण्याच्या बादलीत उभी करून, त्या बादलीत बर्फाचे खडे टाकून २४ पर्यंत आणायची. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही हो, बाहेर बादलीत. स्वयंपाकघरातला प्रोब लावायचा डिजिटल थर्मामीटर घ्या, दोन-तीनशेला मिळतो. फिक्सर (उमटलेलं चित्र पक्कं करणारं औषध) अन् धुवायचं पाणीही त्याच्या आसपासचं असू द्या, एकदम थंडातून गरमात टाकलं तर फिल्मचा वरचा थर बिघडतो.

आता धुणं. परदेशी व्हिडिओत नळ सोडून दहा मिनिटं रोल धुताना दाखवतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीनं पाणी आलेल्या गावात ते कोण करणार! इलफर्ड कंपनीनंच सांगितलेली एक रीत आहे, ती आपल्यासाठीच काढल्यासारखी आहे. फिक्सरनंतर टाकी पाण्यानं भरा, झाकण लावून पाच वेळा उलटी-सुलटी करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा, ओता. पुन्हा भरा, वीस वेळा, ओता. झालं. एका रोलची टाकी तीनशे मिलिलिटरच्या आसपास असते, म्हणजे लिटरभर पाण्यात रोल धुतला गेला. फक्त फिक्सर हार्डनर (फिल्मचा थर कडक करणारं औषध) नसलेला घ्या, तरच ही रीत लागू पडते.

शेवटचं पाणी बोअरचं वापरू नका. क्षार इतके असतात की वाळल्यावर निगेटिव्हवर पांढरे ठिपके बसतात आणि स्कॅनमध्ये आकाशभर दिसतात, मग पुसता पुसता ओरखडे. मेडिकलमध्ये नाहीतर बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, त्यात वेटिंग एजंटचे (फिल्मवर पाण्याचे थेंब धरू न देणारं औषध) दोन-तीन थेंब टाकून रोल मिनिटभर बुडवा आणि टांगा. टांगायचं न्हाणीघरात, दार लावून, पंखा बंद. एप्रिलच्या दुपारी बाहेर जी धूळ उडते ती ओल्या फिल्मवर बसली की जन्माची बसली. वापरलेला फिक्सर झाडांना घालू नका, त्यात चांदी असते.

प्रश्न : नवीनच के १००० घेतलाय (सासऱ्यांनी दिला). दिवाळीनंतर वेरूळ-अजिंठा करायचंय. रोल कुठला नेऊ अन् गाडीत ठेवला तर चालेल का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सासऱ्यांना आधी पेढे द्या. मग एक सवय लावून घ्या, वापर नसेल तेव्हा लेन्सवर टोपी हवीच, कारण ह्या कॅमेऱ्याला मीटर बंद करायचं बटनच नाही, उजेड आत गेला की मीटर चालू अन् सेल खर्ची.

वेरूळला २०० चा कलर रोल पुरे. तिथल्या लेण्यांचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून सकाळी लवकर जाऊन कैलास काढण्यात फार मजा नाही, दुपार कलल्यावर जा, तेव्हा ऊन आत शिरतं अन् हत्ती, खांब, शिखर सगळं उठून दिसतं. वरून, डोंगराच्या कडेनं जाऊन खाली बघत एक काढाच, म्हणजे हे वरून खाली कोरत आणलंय हे फोटोत कळतं.

अजिंठ्याचं वेगळं आहे. आत फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि उजेड इतका कमी की ४०० च्या रोलवर ॲपर्चर पूर्ण उघडूनसुद्धा हात हलतो. रॉबर्ट गिल नावाचा इंग्रज अधिकारी १८६० च्या दशकात काचेच्या प्लेटांवर इथले फोटो काढत होता, त्याच्याकडं निदान वेळ तरी भरपूर होता. तुम्ही चित्रं डोळ्यांनी बघा अन् रोल बाहेर वापरा, वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारखी वळत गेलेली लेण्यांची रांग समोरच्या डोंगरावरून एका फ्रेममध्ये मावते. आतल्या मूर्तींसाठी ४०० चा एक ब्लॅक अँड व्हाइट ठेवा, दाराजवळ जिथं बाहेरचा उजेड पोचतो तिथं खांबाला पाठ टेकवून तिसाव्यावर काढा.

गाडीत रोल ठेवायचा नाही, दिवाळीनंतरही नाही, आणि मोटारसायकलच्या डिक्कीत तर अजिबात नाही, तापलं की रंग बिघडतात. घरी फ्रिजमध्ये ठेवा, डबीत, आणि वापरायच्या तासभर आधी बाहेर काढा, लगेच उघडला तर आत दव धरतं. रोल संपला की आधी खालचं छोटं बटन दाबून रिवाइंड करा, हँडल एकदम सैल फिरेपर्यंत, मगच झाकण उघडा. आणि दोन दिवसांचा बेत आखताना वार बघा, वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी.